पित्याची वीणा

श्रोतेहो, वडील वारल्यावर मुलाच्या वांट्यास काय येतें, याचा हिशेब आपल्या समाजांत फार काळजीपूर्वक ठेवला जातो. घर, शेत, दागदागिने, देणें-घेणें यांच्या नोंदी असतात. त्यांवरून भाऊबंदकी चालते, कज्जे होतात आणि कित्येकदां ते दोन-दोन पिढ्या मिटत नाहींत. परंतु वडील जर गवई किंवा वादक असतील, तर त्यांच्या हयातीची खरी मिळकत सात-बाराच्या कोणत्याही उताऱ्यावर चढत नाहीं. ती त्यांच्या गळ्यांत असते, बोटांत असते. श्वास थांबला कीं तीही थांबते. मग अशा पित्याचा वारसा पुत्रास मिळतो तो कोणत्या वाटेनें? आणि पुत्रानें त्याचें स्मरण करावयाचें तें कोणत्या रीतीनें? आज या प्रश्नाचा विचार आपण एका वीणेच्या आधारानें करणार आहों. आणि ती वीणा शोधण्यासाठीं फार दूर जावयास नको.

खालापूर तालुक्यांत पाताळगंगेच्या खोऱ्यांत मोहोपाडा हें गांव आहे. मोहाचें झाड आणि पाडा हे दोन्ही शब्द त्या नांवांत ऐकूं येतात. पूर्वीं कुलाबा या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या आणि १९८१ पासून रायगड हें नांव धारण केलेल्या जिल्ह्याचा हा भाग मूळचा भातशेतीचा. स्वातंत्र्यानंतर येथें रसायनांचे कारखाने आले. सरकारी मालकीची हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही कंपनी १९६० मध्यें स्थापन झाली आणि तिच्या कारखान्यामुळें मोहोपाड्याशेजारची रसायनी सर्वांस ठाऊक झाली. २०१७ मध्यें त्या कारखान्याचे बहुतेक विभाग बंद करण्याचा निर्णय सरकारनें घेतला. लोखंड आणि सिमेंट यांच्या जोरावर उभ्या राहिलेल्या उद्योगाचें आयुष्य अर्धशतकाच्या आसपास भरलें. याच मोहोपाड्याहून दांड फाट्यावर यावें आणि जुन्या मुंबई-पुणें रस्त्यानें पनवेलच्या दिशेस निघावें, म्हणजे थोड्याच वेळांत पळस्पें लागतें. गोव्याकडे जाणारा रस्ता जेथें फुटतो तें हें ठिकाण. मालमोटारींची वर्दळ येथें अष्टौप्रहर चालू असते. अशा या गांवीं १९८० नंतरच्या दशकांत उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनीं ध्रुपदाचें गुरुकुल उभें केलें. जें संगीत ऐकावयास सर्वांत अधिक निवांतपणा लागतो, त्यास आश्रय मिळाला तो अशा रहदारीच्या नाक्याशेजारीं!

ध्रुपद म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगावयास हवें. आज आपण ज्यास ख्याल म्हणतों, त्याच्या पूर्वींची ही गायनपद्धति. हिच्यांत प्रथम दीर्घ आलाप असतो. त्यास तालाची साथ नसते व अर्थाचे शब्दही नसतात. रि, न, नोम्, तोम् अशा अक्षरांच्या आधारानें गायक रागाचा एक-एक स्वर उकलीत जातो. हा आलाप तासभर चालला तरी तें नवल नव्हे. त्यानंतर पखवाजाच्या साथीनें पद गातात. या गायकीच्या गौडहार, डागुर, खंडार आणि नौहार अशा चार बाण्या सांगतात. त्यांपैकीं डागुर बाणी ज्या घराण्यानें आपल्या नांवांतच धारण केली, तें डागर घराणें. एकोणिसाव्या शतकांत जयपूरचे बेहरामखां हे या घराण्याचे मोठे आचार्य होऊन गेले. त्यांच्या तालमींत तयार झालेले जाकिरुद्दीनखां आणि अल्लाबंदेखां हे बंधु जोडीनें गात असत. जाकिरुद्दीनखांचे चिरंजीव झियाउद्दीनखां हे उदेपूरचे महाराणा भूपालसिंह यांच्या दरबारीं गायक होते आणि वीणाही वाजवीत. झिया मोहिउद्दीन हे त्यांचे पुत्र. जन्म १४ मार्च १९२९ चा, उदेपूरचा.

येथें या घराण्याच्या इतिहासांतील एका गोष्टीकडे लक्ष वेधावेंसें वाटतें. अल्लाबंदेखांचे पुत्र नसीरुद्दीनखां हे इंदूरच्या होळकर दरबारांत होते. १९३६ मध्यें ते निवर्तले, तेव्हां त्यांचे थोरले चिरंजीव मोइनुद्दीन हे सतरा वर्षांचे होते व अमीनुद्दीन त्यांच्याहून लहान. या पोरक्या मुलांचें शिक्षण अर्ध्यावर राहिलें असतें. परंतु घराण्यांतील रियाजुद्दीनखां आणि झियाउद्दीनखां या वडीलधाऱ्यांनीं त्यांस शिकविलें. आणि पुढें थोरले डागर बंधु म्हणून हे दोघे देशांत व परदेशांत नांवाजले गेले. याला दहा वर्षें झालीं. १९४६ मध्यें झियाउद्दीनखां स्वतः गेले. आतां त्यांचे झिया मोहिउद्दीन सतरा वर्षांचे आणि धाकटे झिया फरीदुद्दीन चौदा वर्षांचे होते. धाकट्यास थोरल्या भावानें शिकविण्यास आरंभ केला. पित्याकडून जें मिळालें, तें पचण्याच्या आंतच दुसऱ्यास देण्याची जबाबदारी त्या तरुणावर पडली.

दुसरें संकट त्याच सुमारास आलें. १९४८ मध्यें उदेपूरचें संस्थान राजस्थानच्या संघांत विलीन झालें. लोकसत्तेच्या दृष्टीनें तें योग्यच झालें. परंतु ज्या कलेचा चरितार्थ दरबारावर चालत होता, तिचें छत्र गेलें. झिया मोहिउद्दीन मुंबईस आले आणि चेंबूर येथें त्यांनीं संसार मांडला. पित्याची गादी नाहीं, दरबार नाहीं. हातीं काय, तर वीणा.

ही वीणा म्हणजे रुद्रवीणा. उत्तरेकडील लोक तीस बीन म्हणतात. लांब पोकळ दांडी, तिच्या दोन टोकांखालीं दोन मोठे भोपळे, वर मेणानें बसविलेले पडदे, वाजविण्याच्या चार मुख्य तारा आणि बाजूस चिकारीच्या तारा, असें तिचें रूप. डागर घराण्यांत ती मुख्यतः गायकाच्या रियाजाची सोबतीण होती. स्वर कोठें उभा राहतो, एका श्रुतीवरून दुसरीवर कसें जावें, हें गळ्यास समजावें म्हणून वीणा हातीं घेत. मैफलीत मात्र गात. झिया मोहिउद्दीन यांनीं हा क्रम पालटला. त्यांनीं वीणेसच गावयास लाविलें आणि तिला स्वतंत्रपणें मैफलीत आणिलें.

त्यासाठीं त्यांनीं वीणेचें शरीरही बदललें. कलकत्त्याच्या कनाईलाल अँड ब्रदर या नामांकित वाद्यकारांकडून त्यांनीं अधिक मोठ्या भोपळ्यांची, अधिक जाड दांडीची व जाड तारांची वीणा करवून घेतली. तार जाड झाली म्हणजे आंस लांब टिकते. एकदां छेडलेला स्वर बराच वेळ जिवंत राहतो व त्याच एका आघातावर मींड घेऊन पुढचे स्वर काढतां येतात. गायक एका श्वासांत जें करतो, तें वीणेस एका आघातांत करतां यावें, हा त्यामागील विचार. तार छेडण्यासाठीं बोटांत घालावयाची नखीही त्यांनीं सोडून दिली आणि उघड्या बोटांनीं वाजवूं लागले; कारण नखीचा टणत्कार त्यांस नको होता. वीणा वाढली, जड झाली; तेव्हां एक भोपळा खांद्यावर टाकून ती धरण्याची उत्तरेची रीत त्यांनीं सोडली आणि दक्षिणेकडील वीणेप्रमाणें ती समोर आडवी घेतली.

श्रोतेहो, येथें एक शंका सहज येईल. ज्या पित्यानें जशी वीणा हातीं दिली, तशीच ती ठेवणें हें पुत्राचें कर्तव्य नव्हे काय? वडिलांच्या वस्तूस हात लावणें हा वडिलांचा अधिक्षेप नव्हे काय? आपल्याकडे पुष्कळ घरांत स्मरणाची कल्पना अशीच असते. तंबोऱ्यास गवसणी घालावयाची, त्यावर हार चढवावयाचा, वर्षांतून एकदां धूळ झाडावयाची आणि कोणी मुलानें त्यास हात लाविला कीं त्याच्यावर ओरडावयाचें. झिया मोहिउद्दीन यांचें वर्तन या कल्पनेच्या अगदीं उलट आहे. परंतु त्यांनीं बदललें काय आणि राखलें काय, हें नीट पाहिलें म्हणजे शंका फिटते. त्यांनीं लांकूड, तार आणि बैठक बदलली. राग, आलापाचा क्रम आणि श्रुतींचा सूक्ष्म भेद हीं तशींच राखलीं. किंबहुना जें राखावयाचें होतें, तें नव्या काळांतील सभागृहांत शेवटच्या श्रोत्यापर्यंत पोंचावें, म्हणूनच बाकीचें बदललें. पित्याची आज्ञा स्वराविषयीं होती, भोपळ्याविषयीं नव्हती. हा विवेक ज्यास साधला, त्यानें पित्याचा अधिक्षेप केला असें कोण म्हणेल?

त्यांनीं केलेला दुसरा बदल याहून मोठा होता. जी विद्या पिढ्यान्‌पिढ्या घराण्याच्या उंबरठ्याआंत राहिली, तिचें दार या दोघां भावांनीं बाहेरच्यांस उघडें केलें. झिया मोहिउद्दीन यांनीं अमेरिकेंत सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत अध्यापन केलें. मुंबईंत त्यांच्याजवळ ऋत्विक सन्याल शिकले. हे पुढें काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत प्राध्यापक झाले. पुष्पराज कोष्टी यांनीं सूरबहारावर ही विद्या घेतली. चित्रपट-दिग्दर्शक मणि कौल हेही त्यांचे शिष्य. त्यांनीं १९८२ मध्यें ‘ध्रुपद’ नांवाचा जो माहितीपट काढला, त्यांत हे दोघे बंधु पाहावयास व ऐकावयास मिळतात. धाकटे फरीदुद्दीन यांनीं १९८१ पासून भोपाळच्या ध्रुपद केंद्रांत शिष्य तयार केले. गुंदेचा बंधु त्यांतलेच. मराठी घरांतून तेथें गेलेले उदय भवाळकर यांस दोघांही भावांची तालीम लाभली. पळस्प्याचें गुरुकुल हें याच धोरणाचें फळ होय. शिष्यानें गुरूच्या सान्निध्यांत राहावें, पहाटे खर्जाचा रियाज करावा, दिवसभर कानांवर तोच स्वर पडावा आणि धडा संपल्यावरही शिक्षण चालू राहावें, ही जुनी रीत त्यांनीं नव्या जागीं मांडली. शिष्य कोणत्या जातीचा, धर्माचा वा देशाचा, हा प्रश्न मात्र त्यांनीं मांडला नाहीं.

२८ सप्टेंबर १९९० रोजीं झिया मोहिउद्दीन निवर्तले. वय एकसष्ट. त्यांचे चिरंजीव बहाउद्दीन यांचा जन्म १९७० चा. म्हणजे पुन्हा एकदां विशीच्या आसपासचा मुलगा आणि अर्ध्यावर राहिलेली विद्या! बहाउद्दीन यांनीं सातव्या वर्षीं सतार हातीं घेतली ती मातोश्री प्रमिला डागर यांच्यापाशीं. पित्याचा वारसा सांगतांना मातेचें हें ऋण विसरतां कामा नये. सतारीवरून ते सूरबहाराकडे आणि मग वीणेकडे आले, आणि वडिलांनीं त्यांस वीणा शिकविली. वडिलांच्या मागें त्यांचें शिक्षण चालविलें तें चुलत्यांनीं, फरीदुद्दीन यांनीं. १९४६ मध्यें ज्या धाकट्या भावास झिया मोहिउद्दीन यांनीं शिकविलें होतें, त्यानेंच ती विद्या त्यांच्या मुलास परत केली. दिलेलें व्याजासह परत यावें, याचें याहून सुंदर उदाहरण सांपडणें कठीण. फरीदुद्दीन हेही ८ मे २०१३ रोजीं गेले. बहाउद्दीन यांनीं वडिलांची तीच मोठी वीणा देशोदेशींच्या मैफलींतून वाजविली आणि पळस्प्याच्या गुरुकुलांत शिष्य शिकविण्याचें काम पुढें चालविलें.

असें केवळ डागर घराण्यांतच घडलें, असें मात्र नव्हे. आपल्या महाराष्ट्रांत पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ मध्यें लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापिलें आणि गाणें दरबारांतून काढून मध्यम वर्गाच्या घराघरांत नेलें. २१ ऑगस्ट १९३१ रोजीं ते गेले, तेव्हां त्यांचे पुत्र दत्तात्रेय अवघे दहा वर्षांचे होते. विद्यालयाची मुंबईची इमारत कर्जापायीं पूर्वींच हातची गेली होती. तेव्हां मुलास मिळण्यासारखी मिळकत कोणती राहिली? तर शिष्य. विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनीं गुरुपुत्रास तयार केलें आणि दत्तात्रेय विष्णु पलुसकर हें नांव हिंदुस्थानभर झालें. विष्णु दिगंबरांनीं आपली विद्या केवळ रक्ताच्या नात्यासाठीं राखून ठेविली असती, तर ती त्यांच्या पुत्रासही मिळाली नसती. इमारत लिलांवांत जाते. शिष्याच्या कंठांत ठेविलेलें जात नाहीं.

खांसाहेब अब्दुल करीमखां यांची कथा याहून वेगळी व अधिक करुण आहे. पत्नी ताराबाई १९२२ मध्यें मुलांसह त्यांच्यापासून वेगळ्या झाल्या. मुलांनीं बापाचें नांवही लाविलें नाहीं. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे या नांवांनीं तीं जगास ठाऊक झालीं. पण नांव गेलें तरी स्वराची ओढ गेली नाहीं. किराणा गायकीचा तो आर्त, रेंगाळणारा सूर या भावंडांनीं मराठी श्रोत्यांच्या कानांत कायमचा भरला. खांसाहेब ऑक्टोबर १९३७ मध्यें दक्षिणेच्या प्रवासांत वारले. मिरजेच्या ज्या दर्ग्यावर त्यांची निष्ठा होती, तेथें उरुसांत त्यांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावीत आले आहेत. मास्टर दीनानाथ २४ एप्रिल १९४२ रोजीं गेले, तेव्हां थोरली कन्या लता हिला तेरावें वर्ष चालू होतें. पाठच्या भावंडांचा भार तिच्यावर पडला. मंगेशकर भावंडांनीं पित्याच्या नांवानें पुण्यास रुग्णालय उभें केलें. परंतु त्यांच्या गाण्यांतील तेजस्वी फेंक त्या भावंडांच्या गळ्यांतून लाखों घरांत पोंचली, हें त्यांचें आधींचें स्मारक होय. पित्याचें स्मरण अशा अनेक वाटांनीं होतें. अल्लादियाखांसाहेबांनीं तर आपल्या आयुष्याच्या आठवणी नातू अझीझुद्दीनखां यांस सांगितल्या आणि नातवानें त्या लिहून ठेविल्या.

कोणी म्हणेल, आतां यंत्रें आलीं आहेत. ध्वनिमुद्रणें आहेत, वडिलांचा आवाज पेटींत सांठवितां येतो. मग पुत्र किंवा शिष्य यांची एवढी आवश्यकता काय? झिया मोहिउद्दीन यांचीं ध्वनिमुद्रणेंही आहेत आणि तीं अमोल आहेत, यांत शंका नाहीं. परंतु ध्वनिमुद्रण म्हणजे एका दिवसाचें, एका वेळेचें उत्तर होय. दुसऱ्या दिवशीं तोच राग त्यांनीं निराळ्या वाटेनें उलगडला असता. ती वाट कशी निवडावयाची, कोणता स्वर किती वेळ झांकून ठेवावयाचा, कोमल ऋषभ तोडींत कोठें उभा करावयाचा आणि भैरवांत कोठें, हें यंत्र सांगत नाहीं. तें गुरु शिष्याच्या चुकेवर बोट ठेवून सांगतो. ध्वनिमुद्रण आपणांस काय वाजलें तें सांगतें. काय वाजूं शकलें असतें, हें सांगणारा जिवंत माणूसच लागतो. ध्रुपदासारख्या विद्येंत, जेथें लिहिलेलें थोडें आणि जागच्या जागीं सुचावयाचें पुष्कळ, तेथें तर हा भेद जीवन-मरणाचा ठरतो.

आणि जीवन-मरणाचा हा शब्द मीं सहज योजिलेला नाहीं. रुद्रवीणा वाजविणारे आज आपल्या देशांत फार थोडे राहिले आहेत. एकोणिसाव्या शतकांतील थोर बीनकार बंदे अलीखां यांनीं आपले अखेरचे दिवस पुण्यांत काढिले व तेथेंच देह ठेविला. म्हणजे हें वाद्य महाराष्ट्रास परकें नव्हे. तरीहि आज पुण्या-मुंबईच्या किती घरांत या वीणेचा सूर ओळखतील? जें वाद्य थोड्याच हातांत उरलें आहे, त्यांतील एक हात निघून जाणें म्हणजे एका घराचें दुःख राहत नाहीं; तें सर्वांचें नुकसान होतें. पळस्प्याच्या त्या गुरुकुलाकडे पाहावयाचें तें या दृष्टीनें.

तेव्हां श्रोतेहो, आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. संगीतकार पित्याचा वारसा पुत्रास जन्मानें मिळत नाहीं. पित्यानें आपल्या हयातींत ज्यांस ज्यांस शिकविलें, त्यांच्या हातून तो त्यास मिळतो. म्हणून जो पिता परक्या मुलास शिकवितो, तो आपल्या मुलाचीच तरतूद करीत असतो. आणि जो विद्या लपवितो, तो ती आपल्याबरोबर नेतो. पुत्राचें कर्तव्यही यांतूनच निघतें. पुण्यतिथीस तसबिरीस हार घालावा, यांत कांहींच वावगें नाहीं. परंतु ज्या विद्येसाठीं पिता जगला, ती एखाद्या तरी शिष्यास देणें, हें श्राद्ध अधिक मोलाचें होय.

आपणांपैकीं अनेकांच्या घरीं वडिलांची एखादी पेटी असेल, तबल्याची जोडी असेल, सासूबाईंच्या हातच्या ओव्यांची वही असेल, आजोबांचीं कीर्तनाचीं टिपणें असतील. आपले वडील उस्ताद नसतील, दरबारी गायकही नसतील. संध्याकाळीं देवापुढें दोन अभंग म्हणण्यापलीकडे त्यांची कीर्ति गेली नसेल. तरीहि न्याय तोच आहे. त्या पेटीवरची गवसणी काढा. भात्यास भोंक पडलें असेल, तर तें बुजवून घ्या. वडिलांची एखादी चाल आपणांस येत असेल, तर ती घरांतल्या किंवा शेजारच्या एखाद्या मुलास शिकवा. तो आपला कोण लागतो, हें विचारूं नका. त्यानें ती थोडी बदलली, तर रागावूं नका. सूर तेवढा खरा लागतो कीं नाहीं, एवढें मात्र कान देऊन ऐका.